बेडकाच्या गर्भातली पेशी आपण कोण होणार हे कधी ठरवते?

प्रश्न थोडक्यात असा: सगळ्या पेशींत डीएनए एकच असतो. मग झेनोपस बेडकाच्या गर्भात पहिल्या काही तासांतच एक पेशी त्वचेच्या, दुसरी स्नायूच्या आणि तिसरी आतड्याच्या वाटेला कशी लागते? पुस्तकात व्हेजटी हे अंतःस्तराचं (आतडं वगैरे होणाऱ्या आतल्या थराचं) जनुक आणि ब्रॅक्युरी हे मध्यस्तराचं (स्नायू वगैरे होणाऱ्या मधल्या थराचं), असं लिहिलेलं असतं. म्हणजे ते जनुक चालू झालं की पेशीचं भवितव्य ठरलं, असं समजायचं का? शिवाय एक जोडप्रश्न: दोन पेशींच्या अवस्थेत त्या सुट्या केल्या तर दोन पूर्ण बेडूक मिळतील का?

मधल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: नाही, तसं समजू नका. अमुक जनुक म्हणजे अमुक स्तर ही जोडी परीक्षेत मार्क मिळवून देते, पण प्रयोगशाळेत पहिल्याच आठवड्यात तोंडघशी पाडते. गर्भाची स्वतःची जनुकं जागी होतात तेव्हा निम्मं काम आधीच झालेलं असतं. आणि ती जागी झाल्यावरही निर्णय लगेच पक्का होत नाही, काही तास तो मऊच राहतो. म्हणून जनुकांची नावं पाठ करण्याआधी घड्याळाकडे बघा.

सुरुवात अंड्यापासून. झेनोपस लेविसचं अंडं एक मिलिमीटरहून थोडं मोठं असतं, वर गडद तपकिरी आणि खाली पिवळट. हा रंगाचा फरक नुसता दिसण्यापुरता नाही. मादीच्या अंडाशयात अंडं वाढत असतानाच खालच्या टोकाच्या पृष्ठभागालगत काही ठरावीक एमआरएनए (प्रथिन बनवण्यासाठी काढलेल्या जनुकांच्या प्रती) नेऊन चिकटवलेले असतात. त्यांत व्हेजटी, व्हीजी१ आणि डब्ल्यूएनटी११ आहेत. पुढे जननपेशी होणाऱ्या पेशींसाठी राखून ठेवलेलं सामानही तिथेच असतं. हे सगळं आईच्या जनुकांनी लिहिलेलं. गर्भाच्या डीएनएने अजून एक अक्षरही उच्चारलेलं नाही, तरी वर आणि खाली यांत फरक पडलेला आहे.

पाठ आणि पोट कुठे असेल, हे मात्र अंड्याला ठाऊक नसतं. ते ठरतं शुक्राणू कुठून शिरला त्यावरून. शुक्राणू वरच्या गडद भागात कुठेही शिरू शकतो. त्यानंतर पहिलं विभाजन होण्याआधी अंड्याचं बाहेरचं पातळ आवरण आतल्या गाभ्यावरून सुमारे ३० अंश सरकतं. खालच्या टोकाशी सूक्ष्मनलिकांचे समांतर रूळ तयार होतात आणि त्यांवरून काही घटक शुक्राणूच्या विरुद्ध बाजूला वाहून नेले जातात. त्या बाजूला बीटा-कॅटेनिन हे प्रथिन मोडीत निघण्यापासून वाचतं, साठतं आणि केंद्रकांत शिरतं. तीच पुढे पाठीची बाजू.

इथे जरा रेंगाळतो, कारण हा प्रयोग मी स्वतः अनेकदा केला आहे आणि दर वेळी तितकाच चकित झालो आहे. पहिल्या विभाजनाआधी अंड्याच्या खालच्या टोकावर अतिनील किरण सोडले, की रूळ तयारच होत नाहीत आणि आवरण सरकत नाही. पेशी मात्र ठरल्याप्रमाणे विभागत राहतात. दोन दिवसांनी ताटलीत डोकं नाही, पाठीचा कणा नाही, नुसते पोटाचे गोळे पडलेले दिसतात. आता गंमत बघा. तेच किरण दिलेलं अंडं योग्य वेळी नुसतं आडवं करून ठेवलं, तर आतला जड बलक गुरुत्वाकर्षणाने आपोआप सरकतो आणि चांगला टॅडपोल (बेडकाचं शेपटीवालं पिल्लू) तयार होतो. एकाही जनुकाला हात न लावता, नुसतं कुशीवर वळवून डोकं परत मिळालं. उलट टोकाचा प्रयोग लिथियमचा. ते बीटा-कॅटेनिन मोडीत काढायला लावणारं जीएसके३ हे विकर (एन्झाइम) रोखतं, त्यामुळे बीटा-कॅटेनिन सगळीकडेच साठतं आणि गर्भ जणू सगळा डोकंच होतो. आणि चार पेशींच्या अवस्थेत पोटाकडच्या खालच्या भागात बीटा-कॅटेनिनचा एमआरएनए टोचला, तर दोन डोक्यांचा टॅडपोल मिळतो.

आता शांततेचा काळ. पहिलं विभाजन साधारण दीड तासाने होतं, पुढची विभाजनं अर्ध्या तासाच्या आत-बाहेर, सगळ्या पेशींत एकाच ठेक्यात. पेशी वाढत नाही, थांबत नाही, नुसती डीएनएची नक्कल करते आणि दुभंगते. अशी बारा विभाजनं झाली की सुमारे ४,००० पेशी होतात. तिथे ठेका बिघडतो, विभाजनं लांबतात आणि गर्भाचं स्वतःचं प्रतिलेखन (डीएनएवरून आरएनए लिहिणं) जोरात सुरू होतं. १९८२ मध्ये न्यूपोर्ट आणि कर्शनर यांनी या वळणाचा बारकाईने अभ्यास केला. त्याला मिड-ब्लास्टुला संक्रमण म्हणतात; ब्लास्टुला म्हणजे या अवस्थेतला पेशींचा पोकळ गोळा.

हे वळण येतं कशामुळे? घड्याळ लावून नव्हे. डीएनए दर वेळी दुप्पट होतो, पण अंड्यात साठवलेली काही प्रथिनं तेवढीच राहतात. मोकळे हिस्टोन (डीएनए ज्यांभोवती गुंडाळला जातो ती प्रथिनं), तसंच डीएनएची नक्कल सुरू करायला लागणारे काही घटक सगळ्यांना पुरेनासे होतात. हिस्टोनचा पूर संपला की प्रतिलेखनाच्या यंत्रणेला डीएनएवर जागा मिळते. पेशीचा आकारही महत्त्वाचा: वरच्या छोट्या पेशी आधी जाग्या होतात, खालच्या बलकाने भरलेल्या मोठ्या पेशी उशिरा. आणि शांतता संपूर्णही नसते. नोडल कुळातली (शेजारच्या पेशींना संदेश देणाऱ्या प्रथिनांची) काही जनुकं आणि एमआयआर-४२७ हा छोटा आरएनए बाराव्या विभाजनाच्या आधीच लिहिला जाऊ लागतो. हा छोटा आरएनए आईने दिलेले जुने एमआरएनए साफ करायला लागतो. नव्याने येणाऱ्यासाठी खोली झाडून ठेवावी तसं.

या शांत काळात डीएनए रिकामा बसलेला नसतो, ही गोष्ट विद्यार्थ्यांच्या नजरेतून हमखास सुटते. आईकडून आलेली पाऊ५एफ३, सॉक्स३, फॉक्सएच१ यांसारखी प्रथिनं डीएनएवरच्या नियामक तुकड्यांवर आधीच जाऊन बसतात आणि ते तुकडे उघडे ठेवतात. सुताराने करवत लावण्याआधी पेन्सिलीने खूण करावी, तसं. पाऊ५एफ३ आणि सॉक्स३ काढून घेतले, तर पुढे संदेश वेळेवर येऊनही अनेक ठिकाणी त्याला बसायला जागा सापडत नाही. बीटा-कॅटेनिनही असाच आगाऊ काम करतं. सियामॉइससारख्या जनुकांपाशी ते हिस्टोनवर खूण करणारं एक विकर बोलावून घेतं, आणि ते जनुक प्रत्यक्ष बोलतं मात्र काही तासांनी.

म्हणजे मिड-ब्लास्टुला संक्रमणाच्या क्षणी चार हजार पेशींत डीएनए तोच असला, तरी प्रत्येक पेशीत तो वाचणारे हात वेगळे आहेत. खाली व्हेजटी आहे. पाठीच्या बाजूला बीटा-कॅटेनिन आहे. खाली आणि पाठीकडे अशा कोपऱ्यात दोन्ही आहेत. सॉक्स३ वरच्या भागात जास्त आहे. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे.

आता व्हेजटी. ते टी-बॉक्स कुळातलं प्रतिलेखन नियंत्रित करणारं प्रथिन आहे. १९९८ मध्ये आईकडून आलेला व्हेजटीचा एमआरएनए अंड्यातूनच नष्ट करून बघितला गेला. नुसतं आतडं गायब झालं असतं तर ‘अंतःस्तराचं जनुक’ हे नाव शोभलं असतं. पण झालं असं, की सगळ्या गर्भाचाच नकाशा सरकला. खालच्या पेशी मध्यस्तर आणि बाह्यस्तर (त्वचा, मज्जासंस्था होणारा बाहेरचा थर) होऊ लागल्या, मधल्या पट्ट्यातल्या पेशी बाह्यस्तराकडे गेल्या आणि वरच्या पेशींना त्वचेपलीकडे काही जमेना. कारण व्हेजटी दोन कामं करतं. आपल्या पेशीत ते सॉक्स१७ आणि मिक्सर या जनुकांकडे नेणारी साखळी सुरू करतं, ती अंतःस्तराची. त्याच वेळी ते नोडल प्रथिनं बनवायला लावतं, आणि ती पेशीबाहेर पडून शेजाऱ्यांना मध्यस्तर व्हायला सांगतात. १९६९ मध्ये नीवकोप यांनी उभयचरांच्या गर्भाचा वरचा आणि खालचा तुकडा एकमेकांना चिकटवले, मधला पट्टा फेकून दिला, तरी वरच्या तुकड्यात मध्यस्तर तयार झाला. खालून येणारा तो संदेश म्हणजे मुख्यतः नोडल, हे कळायला मधे जवळजवळ तीन दशकं गेली.

नोडलचा संदेश शेजारच्या पेशीत पोहोचला की स्मॅड२ प्रथिनाला फॉस्फेट जोडलं जातं, ते केंद्रकात जातं आणि फॉक्सएच१ सारख्या आधीच बसलेल्या जोडीदाराशेजारी स्थिरावतं. मग ब्रॅक्युरी, गूसकॉइड वगैरे जनुकं सुरू होतात. कुठलं सुरू होणार, हे संदेशाच्या मात्रेवर ठरतं. नोडलचाच चुलतभाऊ म्हणावा असं ॲक्टिव्हिन वापरून हे मोजलं गेलं आहे, आणि ते आकडे मला अजूनही विलक्षण वाटतात. एका पेशीवर ॲक्टिव्हिनचे सुमारे ५,००० रिसेप्टर (संदेश पकडणारी प्रथिनं) असतात. त्यांतले जेमतेम १०० व्यापले गेले की ब्रॅक्युरी सुरू होतं, सुमारे ३०० व्यापले गेले की गूसकॉइड. म्हणजे २ टक्के आणि ६ टक्के. एवढ्याशा फरकावर एक पेशी सामान्य मध्यस्तर होते आणि दुसरी पाठीकडच्या संघटक भागात जाते. शिवाय पेशी मिळालेली सर्वांत मोठी मात्रा लक्षात ठेवते. नंतर संदेश कमी झाला तरी ती खाली उतरत नाही.

पण मात्रेने सीमा लगेच रेखीव होतात, असं चित्र मनात धरू नका. सुरुवातीला उत्तर धूसर असतं. शेजारच्या पेशीत ब्रॅक्युरी आणि गूसकॉइड दोन्ही थोडं थोडं दिसू शकतं. रेषा नंतर ठळक होते, कारण ही जनुकं एकमेकांशी भांडतात. गूसकॉइड ब्रॅक्युरीला दाबतं. ब्रॅक्युरी स्वतःला टिकवायला एफजीएफ हा संदेश बनवून घेतं, आणि एफजीएफ पुन्हा ब्रॅक्युरी चालू ठेवतं. हे चक्र पेशीच्या आत पूर्ण होत नाही, बाहेरून फिरून येतं, त्यामुळे त्याला शेजार लागतो. मध्यस्तराच्या पेशी एकमेकींपासून सुट्या केल्या तर एफजीएफ पाण्यात विरून जातं आणि ब्रॅक्युरी विझतं. एफजीएफ बाहेरून दिलं तर ते टिकतं. एकटीदुकटी पेशी आपलं नशीब धरून ठेवू शकत नाही, घोळक्यातली ठेवते. गर्डन यांनी स्नायूंच्या बाबतीत १९८८ मध्ये याला समुदाय परिणाम म्हटलं होतं. म्हणून ‘ब्रॅक्युरी चालू झालं म्हणजे ठरलं’ हे चूक. चालू होणं ही फक्त सुरुवात. ते टिकतं का आणि कुणाच्या पाठिंब्यावर, हे बघायचं.

एकच संदेश वेळेप्रमाणे उलटा अर्थ घेतो, याचं सगळ्यात झणझणीत उदाहरण डब्ल्यूएनटी या संदेश-प्रथिनांच्या कुळाचं. त्यातल्या एक्सडब्ल्यूएनटी८ चा एमआरएनए सुरुवातीच्या अवस्थेत पोटाकडे टोचला तर तिथे दुसरं डोकं येतं. त्याच जनुकाचा डीएनए टोचला, म्हणजे ते मिड-ब्लास्टुला संक्रमणानंतरच वाचलं जाईल असं केलं, तर पाठीकडच्या पेशी पोटाकडच्या स्वभावाच्या होतात आणि डोकं बिघडतं. जनुक तेच, प्रथिन तेच, मधली साखळीही बहुतेक तीच. फरक काही तासांचा. त्या काही तासांत डीएनएवर खुणा बदललेल्या असतात, जोडीदार बदललेले असतात. कोणी ‘डब्ल्यूएनटी म्हणजे पाठ’ असं सांगितलं, तर ‘किती वाजता?’ असं विचारा.

बाह्यस्तराबद्दल फार लांबण लावत नाही. तिथे मुख्य संदेश बीएमपी या प्रथिनाचा. तो मिळाला की त्वचा, तो अडवला की मज्जासंस्था. १९२४ मध्ये स्पेमान आणि हिल्डे मॅन्गोल्ड यांनी न्यूट या शेपटीवाल्या उभयचराच्या गर्भातला पाठीकडचा एक छोटा तुकडा (हाच तो संघटक भाग) दुसऱ्या गर्भात पोटाकडे लावला आणि तिथे दुसरा जवळपास पूर्ण अक्ष, म्हणजे डोकं-पाठ-शेपूट, उभा राहिला. तो तुकडा नक्की काय सोडतो हे शोधण्यात अनेकांची हयात गेली. अखेर १९९० च्या दशकात झेनोपसमध्ये नॉगिन आणि कॉर्डिन ही प्रथिनं सापडली, आणि ती काही देत नाहीत, बीएमपीला पकडून ठेवतात, असं निघालं. मज्जासंस्था घडवणारा मंत्र शोधत होते, मिळाला तो दुसऱ्याचं तोंड बंद करणारा हात. मज्जासंस्थेसाठी फक्त बीएमपी अडवणं पुरेसं आहे का, यावर पुढे बराच वाद झाला. एफजीएफचाही त्यात वाटा आहे, एवढं ध्यानात ठेवा.

मग पेशी नक्की कधी अडकते? याचा सर्वांत सरळ प्रयोग हीसमन आणि वायली यांच्या गटाने १९८० च्या दशकात केला. खालच्या टोकाची एकेक खूण केलेली पेशी काढून दुसऱ्या गर्भाच्या पोकळीत सोडली. ब्लास्टुला अवस्थेतल्या पेशींच्या वंशजांनी तिन्ही स्तरांत घर केलं. गॅस्ट्रुलाच्या (ब्लास्टुलानंतरची, पेशी आत सरकून थर बनवतात ती अवस्था) सुरुवातीला काढलेल्या पेशी मात्र कुठेही पडल्या तरी अंतःस्तरच झाल्या. म्हणजे व्हेजटी भरपूर असलेली, सॉक्स१७ कडे निघालेली पेशीसुद्धा काही तास मन बदलू शकत होती. दुसऱ्या बाजूने, वरच्या टोपीच्या (गर्भाच्या वरच्या टोकाच्या टोपीसारख्या तुकड्याच्या) पेशीही कायम वाट बघत बसत नाहीत. गॅस्ट्रुला अवस्था पुढे सरकली की त्या ॲक्टिव्हिनला मध्यस्तर होऊन उत्तर देणं बंद करतात.

हे मी महागात शिकलो. उमेदीच्या काळात एकदा टोप्या कापून ॲक्टिव्हिनच्या द्रावणात ठेवल्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्या लांबट व्हायला हव्यात, मध्यस्तर झाल्याची ती डोळ्यांना दिसणारी खूण. सगळ्या गोल. तीन दिवस मी द्रावणाला दोष देत बसलो, नवं बनवलं, पुन्हा गोल. शेवटी लक्षात आलं की खोली नेहमीपेक्षा गरम होती, गर्भ माझ्या वेळापत्रकापुढे धावत होते आणि मी प्रत्येक वेळी उशिरा कापत होतो. तेव्हापासून तास मोजत नाही. नीवकोप आणि फाबेर यांच्या अवस्था-तक्त्याशी गर्भ ताडून बघतो आणि मगच सुरी उचलतो. सुरी म्हणजे तरी काय, काडीला चिकटवलेला भुवईचा केस.

पक्कं होणं म्हणजे डीएनए हरवणं नव्हे. १९६२ मध्ये गर्डन यांनी टॅडपोलच्या आतड्याच्या पेशीचं केंद्रक, स्वतःचं केंद्रक निकामी केलेल्या अंड्यात घातलं. शंभरात एखाद-दोनच जमले, पण त्यांतून खातेपिते टॅडपोल झाले. याच कामासाठी २०१२ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. बाकीचे का फसतात, यात मात्र जनुक नियमनाचा मोठा धडा आहे. स्नायूकडे झुकलेल्या पेशीचं केंद्रक वापरलं, तर नव्या गर्भात नको त्या जागीही मायोडी हे स्नायूचं जनुक चालू राहिलेलं सापडतं, अनेक विभाजनांनंतरही. एच३.३ या हिस्टोनच्या रूपात जुनी आठवण चिकटून राहते. म्हणजे निर्णयाची शाई डीएनएच्या अक्षरांत नसते, त्याच्या वेष्टनात असते.

शोधनिबंध वाचताना दोन गोष्टींचं भान ठेवा. एखादं प्रथिन जास्त टोचून दुसरं डोकं आलं, तर ते प्रथिन काय करू शकतं एवढंच कळतं. गर्भात ते खरंच करतं का, हे ते काढून टाकल्यावर कळतं. आणि झेनोपस लेविसमध्ये ३६ गुणसूत्रं आहेत, दोन पूर्वज जातींचे संच एकत्र आलेले, त्यामुळे बऱ्याच जनुकांच्या दोन आवृत्त्या असतात. एकीलाच गप्प करून ‘काही परिणाम नाही’ असं लिहिलेलं वाचलं, तर दुसरीचं काय झालं ते शोधा. झेनोपस ट्रॉपिकॅलिसमध्ये २० गुणसूत्रं आणि साधा दुहेरी संच, म्हणून जनुक काढून टाकण्याच्या प्रयोगांसाठी तो सोयीचा.

राहिला जोडप्रश्न. पहिलं विभाजन बहुतेक वेळा डावं-उजवं असं होतं. तसं झालं असेल, तर दोन्ही अर्ध्यांना खालचं व्हेजटी मिळतं आणि बीटा-कॅटेनिनच्या बाजूचाही निम्मा वाटा मिळतो. त्या सुट्या केल्या तर दोन लहान, पण पूर्ण टॅडपोल मिळू शकतात. चार पेशी झाल्यावर पाठीकडच्या दोन आणि पोटाकडच्या दोन वेगळ्या केल्या, तर पाठीकडच्या जोडीत डोकं आणि पाठ तयार होते. पोटाकडच्या जोडीतून मात्र अतिनील किरण दिलेल्या अंड्यासारखाच, डोकं नसलेला पोटाचा गोळा उरतो. त्या दोन्ही जोड्यांत जनुकं सारखीच असतात.